खैराची पाचर

त्या सकाळी हनुमानला शर्टाचं तिसरं बटण लागेना. वरची दोन लागली होती, खालची व्हायची होती, आणि मधलं हेच नेमकं अडून बसलं. डाव्या हाताचा अंगठा बटणाला काजाच्या तोंडाशी आणायचा आणि तिथून ते सटकायचं. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी उजव्या हाताची चारही बोटं कंपनीतल्या प्रेसखाली गेली, तेव्हापासून त्याने डाव्या हाताला एकेक काम असं शिकवलं होतं की मुरबाडच्या बाजारात त्याच्याशी उभ्या उभ्या बोलणाऱ्याला ह्या माणसाचा उजवा हात सारखा खिशात का असतो, हे विचारायचं सुचत नसे. दात घासणं, दाढी, काडी पेटवणं, लिंबू चिरणं, पायजम्याची नाडी, बुटाची नाडी, सही. सगळं डाव्याने, आणि तेही झोकात. आणि आज हे एवढंसं पांढरं बटण त्याच्या अब्रूवर उठलं होतं. प्रेमा, त्याची बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "लावू का?" तो म्हणाला, "नको." ती म्हणाली, "उशीर व्हतोय तुमाला." तो म्हणाला, "जमल." तेव्हा तिने कप खिडकीत ठेवला आणि न हसता म्हणाली, "अजून जमत नाय, असा म्हना. तुमीच शिकवलाय ना आमाला." आणि आत गेली. घरात हा 'अजून' सहा वर्षं नांदत होता. प्रेमाला त्याचा वीट आलेला हनुमानला माहीत होतं, पण वीट येणं ही थिजलेल्या मनाची खूण असते असं त्याला शिकवलेलं असल्यामुळे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. आज घेतलं. बटण तसंच उघडं ठेवून तो चहा प्यायला, आणि चहा पिताना काल दुपारी थांबलेला तो आवाज त्याला पुन्हा ऐकू आला, म्हणजे तो आवाज थांबलेला ऐकू आला.

काल मंगळवार होता. मंगळवार हनुमानचा. कंपनी गाड्यांचे छोटे पत्र्याचे भाग ठोकून काढायची. कॉन्ट्रॅक्टरकडून नवी माणसं आली की मंगळवारी त्यांना वरच्या हॉलमध्ये बसवायचे आणि हनुमानला समोर उभा करायचे. ट्रेनिंगचे साहेब आधी बोलायचे. मन दोन जातीचं असतं, एक थिजलेलं आणि एक वाढणारं. थिजलेलं म्हणतं जमत नाही, वाढणारं म्हणतं अजून जमत नाही. आणि मन वाढतं ते भाषणाने नाही तर रोजच्या बारक्या सवयींनी, आता हा हनुमान बघा. मग हनुमानने उजवा हात खिशातून बाहेर काढायचा, तो सगळ्यांना बघू द्यायचा, आणि डाव्याने बुटाची नाडी बांधून दाखवायची. मग काडेपेटी, मग लिंबू. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. हनुमानच्या एका हातासाठी मात्र दर मंगळवारी वाजायची. कालही तो नाडीच्या दुसऱ्या फेऱ्यात होता. खालच्या शॉपमधून, म्हणजे मशीनच्या शेडमधून, प्रेसचे ठोके येत होते, सगळ्या एकदम चालू असल्या तरी चार नंबरचा ठोका त्याला वेगळा कळायचा, जरा जड, जरा घोगरा. त्याच प्रेसने त्याचा हात खाल्ला होता आणि त्याच प्रेसवर तो पुढे सहा वर्षं उभा राहिला होता. चार नंबरचा ठोका पडला आणि वर उचलला गेलाच नाही. कोणी ओरडलं नाही. हनुमानच्या हातातली नाडी सुटली, आणि हॉलमधल्या पोरांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, म्हणून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

खाली प्रमिला जमिनीवर बसली होती. किन्हवलीकडच्या कातकरी वाडीतली पोर, विशीची, चार महिन्यांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवर लागलेली. ती रडत नव्हती. उजव्या हाताकडे असं बघत होती की तो शेजारणीचा आहे आणि कोणीतरी तो धरायला दिलाय. लोक धावले, कापड आणलं, जीप काढली. हनुमान मात्र तिच्याकडे बघत नव्हता. तो मशीनकडे बघत होता. प्रेसच्या कपाळावर दोन हिरवी बटणं, एक डावीकडे, एक उजवीकडे, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडायचा. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात वर, बटणांवर, खाली डायमध्ये, साच्यात, कुणाचं बोट असायचा प्रश्नच नाही. ही सोय हनुमानच्याच बोटांमुळे आली होती. त्याच्या वेळी पायाने दाबायची पट्टी होती. पाय चुकला आणि हात गेला. त्यानंतर कोणी सरकारी माणूस येऊन गेला आणि पट्टी निघून बटणं बसली. आणि त्यातल्या उजव्या बटणाच्या खोबणीत, बटण कायमचं आत दाबून धरणारी, तेल पिऊन काळी झालेली एक पाचर होती. खैराच्या लाकडाची. ती हनुमानची होती.

आता हे त्याने का केलं, तर हातपाय गाळून बसला नाही म्हणून केलं, दुसरं काय. हात गेल्यावर कंपनीने त्याला गेटवर बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला उठून सलाम ठोकायचा, तोही डाव्या हाताने. तिथे बसून तो आतल्या ठोक्यांकडे कान लावायचा. सुपरवायझरला म्हणाला, मला मशीन द्या. सुपरवायझर हसला, दोन बटणं आहेत रे, आणि तुला हात किती? हनुमानला रात्रंदिवस तेच दिसू लागलं, ते दुसरं बटण, थोट्या हाताच्या रेट्याने आत न जाणारं. मग एकदा धसईकडे डोंगराखालच्या त्याच्या पाड्यात, बापाच्या पडवीत, तो कोयता घेऊन बसला. बाप जैतू, आयुष्यभर नांगर आणि कुऱ्हाडीचे दांडे घडवलेला माणूस, शेजारी बसून नुसता बघत होता. डाव्या हाताने कोयता धरायचा आणि उजव्याच्या उरलेल्या अंगठ्याखाली लाकूड दाबायचं. पहिल्या दिवशी लाकूड उडून बापाच्या कपाळाला लागलं. बापाने उठून लाकूड आणून दिलं. असं दर सुट्टीला. साग मऊ पडला, शिवणीचं लाकूड फाटलं, शेवटी बापानेच माळ्यावरून खैराचा जुना तुकडा काढून दिला. ज्या दिवशी पाचर उतरली, गुळगुळीत, एका अंगाला बारीक, दुसऱ्या अंगाला बोटभर जाड, त्या दिवशी हनुमानला जे वाटलं ते त्याला लग्नातही वाटलं नव्हतं आणि पोर झाली तेव्हाही नाही. हे प्रेमाला त्याने सांगितलं नाही, तिला कळलं असावं. डाव्या हाताने पहिल्यांदा घडवलेली वस्तू. ती उजव्या बटणात बसली, आत सरकली आणि तिथेच राहिली, आणि हनुमान मशीनवर उभा राहिला. डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, तोच हात वर आणून डावं बटण दाबायचं, ठोका. पुन्हा तोच हात खाली. आपला हात जगन्नाथ. कामगारांनी हार घातला होता.

पुढे पुण्याहून हे ट्रेनिंगचे साहेब आले, त्यांना हनुमान सापडला, आणि सोनं सापडल्यासारखं त्यांनी त्याला उचललं. दोन वर्षांपूर्वी त्याला मशीनवरून काढून वरच्या मजल्यावर घेतलं. पाचर मशीनवरच राहिली. कोणी काढली नाही, कारण एव्हाना सुपरवायझरच्या लक्षात आलं होतं की एक बटण आधीच दाबलेलं असलं की माल झपाझप निघतो. एका हाताने पत्रा घालायचा, दुसऱ्याने बटण मारायचं, ये-जा नाही. हनुमान शॉपमधून जाताना रोज तिच्याकडे बघायचा आणि त्याला बरं वाटायचं, अजून टिकली आहे. एवढंच वाटायचं. काल जमिनीवर बसलेल्या त्या पोरीच्या डोक्यावरून मशीनकडे बघताना त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि हे ध्यानात यायला त्याच्या त्या वाढणाऱ्या मनाला आठ वर्षं लागली होती. ज्याला एकच हात आहे त्याला ती पाचर काही करत नाही, कारण बटण दाबताना त्याचा हात वरच असतो, खाली घालायला दुसरा नसतोच. ज्याला दोन हात आहेत त्याचा एक हात ती खाते. आज नाही तर उद्या. पायाने दाबायच्या पट्टीत आणि तिच्यात मग फरक काय राहिला? कंपनीने पट्टी काढली होती आणि हनुमानने खैराची करून परत बसवली होती, हौसेने, बापाला शेजारी बसवून.

सकाळी आठाच्या आधी तो कंपनीत पोचला. चार नंबर धुऊन पुसून ठेवली होती, पहिल्या पाळीला तिच्यावर कोणी नव्हतं. आजूबाजूच्या प्रेस चालू होत्या, माणसं त्याच्याकडे बघून मान हलवत होती. त्याने पान्याच्या टोकाने पाचरीला खालून ठोकलं. ती हलेना. इतकी वर्षं बसलेली, तिने बटणाशी संसार मांडला होता. तिसऱ्या ठोक्याला सुटली आणि हिरवं बटण टपकन बाहेर आलं. त्याने पाचर पँटच्या डाव्या खिशात टाकली आणि वर साहेबांकडे गेला. त्याला बोलायचं होतं. रात्रभर वाक्य जुळवलं होतं, आणि जुळलेलं वाक्य घरच्या बोलीत होतं, मंगळवारच्या मराठीत नव्हतं. त्याने पाचर टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ही माझी हाय. हिच्यामुलं झाला ता. त्या पोरीची काय चूक नाय."

साहेब वाईट माणूस नव्हता, हेच खरं दुखणं होतं. तो चिडला असता, हाकलून दिलं असतं तर हनुमानला सोपं गेलं असतं. साहेबाने चष्मा काढला, पाचर हातात घेऊन फिरवून पाहिली आणि मग त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "हनुमान, तू आत्ता काय केलंस तुला कळतंय? ह्याला ओनरशिप म्हणतात. शंभरातला एकही माणूस असं येऊन सांगत नाही. थिजलेलं मन चूक लपवतं. तू समोर ठेवलीस." हनुमान म्हणाला, "पन साहेब, तिचा हात गेला." "गेला. वाईट झालं. पण चूक म्हणजे शेवट नसतो रे, तूच सांगतोस ना पोरांना? पुढच्या मंगळवारी नाडी-लिंबू राहू दे. हेच सांग. अख्खा हॉल हलवून टाकशील." हनुमानला वाटलं आपण विहिरीत दगड टाकला आणि विहिरीने टाळी वाजवली. त्याने पाचरीकडे बोट केलं. मग विचारलं, "आन् ही पाचर?" साहेबाने ती त्याच्याकडे सरकवली. "ते प्रॉडक्शनचं खातं, माझं नाही. पण सुपरवायझर म्हणत होता, तीनच्या पाळीला चार नंबर चालू झाली पाहिजे आणि माल पूर्वीइतका निघाला पाहिजे. तू काढलीस, तूच बसव. तेवढा माझा शब्द राख. आता आधी शहापूरला जाऊन ये. त्या पोरीला तुझी गरज आहे, डॉक्टरची नाही." आणि ड्रॉवरमधून एक रबरी चेंडू काढून दिला, हात दाबून दाबून बळकट करायचा. नऊ वर्षांपूर्वी कंपनीने हनुमानलाही तसाच दिला होता, तेव्हा तो लाल होता, हा पिवळा.

शहापूरला, कारण कंपनीचा ठरलेला डॉक्टर तिथे. कल्याणला मोठे दवाखाने आहेत, पण तिथे आल्या आल्या कसं झालं म्हणून विचारतात. मुरबाड स्टँडवर त्याला शहापूरची एसटी मिळाली आणि खिडकीची जागा मिळाली. एका खिशात चेंडू, एका खिशात पाचर. सरळगाव मागे पडलं तेव्हा त्याने ठरवून टाकलं. पोरीला सांगायचं, तोंडावर सांगायचं, मग ती थुंकली तरी चालेल. आणि परत येताना काळूच्या पुलावरून पाचर खाली नदीत. बसवायची नाही. मग साहेब मंगळवार काढून घेतील, परत गेटवर बसवतील, बसवू देत. हे ठरल्यावर त्याचं अंग हलकं झालं, आणि हलकं झाल्यावर नको ते आठवायला लागलं. पाड्यातलं एक लग्न. हात गेल्यानंतरचं चौथं वर्ष. पंगतीत तो डाव्या हाताने जेवायला बसला आणि शेजारच्या म्हाताऱ्याने आपली पत्रावळ उचलून पलीकडे नेली. अन्नाला डावा हात. सगळ्यांनी पाहिलं. समोर बसलेल्या जैतूनेही पाहिलं. त्याने आपला उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्याने भात कालवायला लागला. साठीचा माणूस, निम्मा भात धोतरावर. एकेक करून सगळी पंगत खाली मान घालून जेवू लागली. आणि हनुमानने त्या वेळी काय केलं, तर बापाच्या हाताकडे बघून, सगळ्यांदेखत, गुरुजीसारखं म्हणाला, "अंगठा वर घ्या, बाबा. खाली ठेवलात का सांडनारच." त्याला मदतच करायची होती. जैतूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि अंगठा वर घेतला. नंतर प्रेमाजवळ म्हणाला होता, "पोराचा हात गेला तो एक गेला. पन ह्याच्या तोंडातनं आता दुसराच कोनतरी बोलतो." प्रेमाने हे त्याला सांगितलं ते बाप गेल्यावर, दहाव्याला. त्या दिवशी हनुमानला तिचा राग आला होता. आज काळूचा पूल ओलांडताना त्याला बापाचं धोतर दिसलं, त्यावरचा भात दिसला, आणि त्याला लाज वाटली, इतकी की शेजारच्या माणसाने सरकून बसून विचारलं, "उलटी होते का? इकडं या खिडकीशी." खिडकीशी तोच बसला होता.

दवाखान्यात वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली आणि तिच्यात सहा खाटा. प्रमिला कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेली, उजव्या हाताचं पांढरं बोचकं छातीशी. खाली फरशीवर तिची आई ठकू उकिडवी बसली होती, काळीसावळी, हाडं दिसणारी बाई, अंगाला अजून भट्टीच्या मातीचा वास. ही माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून विटांच्या भट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडावर परतायची. काल कोणीतरी निरोप घेऊन गेलं आणि ही आहे तशी उठून आली. हनुमानला पाहून ती उठली, पदर सारखा केला. त्याला वाटलं आता हिने काहीतरी बोलावं. पण ठकू म्हणाली, "दादा आलं गो. बघ, दादा आलं तुझं." आणि प्रमिला हसली. काल बोटं गेलेली पोर त्याला बघून हसली. म्हणाली, "मी वाटच बघत व्हते तुमची. आयला म्हनलं, हनुमानदादा येनार. बघा ना, सकाळधरनं डाव्या हातानं पानी पेते. समदा गळ्यावर सांडतंय. अजून जमत नाय."

अजून. त्याने जे रात्रभर जुळवलं होतं त्यातलं काही त्याच्या तोंडात शिल्लक राहिलं नाही. तो खाटेच्या कडेवर टेकला. मग शेवटी, धाप लागल्यासारखा, सगळं एका दमात बोलला. ती पाचर त्याने बसवली. त्याला एक हात होता म्हणून त्याला ती चालली. दुसऱ्या कोणाला चालणारी नव्हती, त्याला हे कळायला हवं होतं, कळलं नाही. तुझं लक्ष नव्हतं असं कोणी म्हणालं तर खोटं आहे. "तुझी चूक नाय, प्रमिला. माझी हाय." बोलून झाल्यावर तो फरशीकडे बघत राहिला. त्याला आता काहीही चाललं असतं, शिवी चालली असती, तोंडावर मारलेली चप्पल चालली असती. ठकू त्याच्याकडे आणि पोरीकडे आळीपाळीने बघत होती, तिला त्यातलं निम्मं समजलं नव्हतं. प्रमिलाला सगळं समजलं होतं. ती म्हणाली, "मला ठाव हाय ना ती पाचर तुमची. समद्यांना ठाव हाय. पाळी चालू व्हायच्या टायमाला मी रोज तिला हात लावून पाया पडायची." तिने डावा हात कपाळाला लावून दाखवला. "म्हनायची, दादा हिच्यावर उभं ऱ्हाऊन वर गेलं. मी पन जाईन."

मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली केला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे, तर मोठ्या माणसाकडे काही मागताना करतात तसा. "दादा, एक काम करा माझा. ती पाचर काढू देऊ नका कोनाला. ते आता घाबरून काढतील. काढली तं मी एका हातानं मशीन कशी चालवू? दोन बटनं मला दाबता येनार नाय." खिशातली पाचर त्याच्या मांडीला टोचत होती. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तेच तर अवघड होतं. तिला आता एकच हात होता. तिला पाचर आता काही करणार नव्हती. तिला आता ती चालणार होती, जशी त्याला चालली. ती एका पाळीत उभी राहील, आणि उरलेल्या दोन पाळ्यांत दोन हातांची माणसं उभी राहतील. तो म्हणाला, "नाय जमनार, प्रमिला." नऊ वर्षांत पहिल्यांदा, मागे-पुढे काही न लावता. स्वतःचाच आवाज त्याला बापासारखा वाटला.

ठकूला एवढं मात्र नीट समजलं. ती खाली बसली होती ती उठून उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "का नाय जमनार? तुमचा जमला ना? तुमचा हात गेला तवा तुमाला जमला, मशीन गावली, मंग हाफिसात गेलात, बूट आलं पायात. माझ्या पोरीच्या टायमालाच कसा नाय जमत? भट्टीवर एका हाताची बाय कोन ठेवंल? चिखल तुडवायला दोन पाय चालतात, पन वीट उचलाया?" तिने पोरीच्या बोचक्याकडे पाहिलं नाही, हनुमानच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं. "कातकऱ्याची हाय म्हनून नाय जमत का?" हनुमान म्हणाला, "तसा नाय, मावशी." आणि पुढे काही म्हणाला नाही, कारण पुढचं सांगायचं तर अजून न गेलेल्या हातांबद्दल सांगायचं होतं, आणि समोर गेलेला हात होता. दुसऱ्या पाळीत कोण असेल, तिसऱ्या पाळीत कोण असेल, त्यांना चेहरे नव्हते. प्रमिलाला होता. प्रमिला आईला म्हणाली, "असू दे गो आय. दादा बघतील. दादा नाय म्हनत नायत." आणि विषय संपला असं समजून तिने स्टुलावरचा पाण्याचा ग्लास डाव्या हाताने उचलला.

ग्लास थरथरला. तिने तो वरून, कडेला धरून, चिमटीत उचलला होता. निम्म्यावर येईपर्यंत कलंडला आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने खाली ठेवला, परत उचलला. परत सांडलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी च्च करून दुसरीकडे बघायला लागली. हनुमानने बघायचं नाही असं ठरवलं, खिडकीकडे तोंड केलं, पण त्याचे डोळे त्या हातावर जाऊन बसले, मनगट कसं आहे, कोपर कुठे आहे, जोर कुठे चुकतोय. नऊ वर्षांची सवय. सवयीला त्याची परवानगी लागत नव्हती. "अंगठा वर घे," त्याचं तोंड म्हणालं. "बाकीची बोटं खालनं. कोपर पोटाशी धर." तिने अंगठा वर घेतला. ग्लास सरळ वर आला, ओठांना लागला, आणि ती पाणी प्यायली, पूर्ण ग्लास, एक थेंब न सांडता. मग तिने ग्लास खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. मंगळवारी हॉलमधली पोरं बघतात तसं. ठकू डोळ्याला पदर लावून म्हणाली, "दादा, तुमी देवमानूस. बोललेली ध्यानात ठेवू नका." हनुमानने चेंडू काढून प्रमिलाच्या उशाशी ठेवला. ती म्हणाली, "मंग पाचरीचा?" तो म्हणाला, "ठेवतो." इतकंच. ते कोण बोललं हे त्याला त्याच वेळी माहीत होतं, बापाने ते फार पूर्वी सांगून ठेवलं होतं.

परतीच्या गाडीतही त्याला खिडकी मिळाली. ऊन चढलं होतं, किन्हवलीला गाडीत भाजीच्या पाट्या चढल्या, बायका चढल्या, कंडक्टर त्यांच्याशी पाट्यांच्या तिकिटावरून भांडत राहिला. समोरच्या बाकावर एक बाई दोन्ही हातांनी पोराच्या डोक्यातल्या उवा काढत होती, दहाही बोटं केसांतून पळत होती, आणि हनुमानला ते बघवेना म्हणून त्याने बाहेर पाहिलं. त्याला कोणाचा तरी राग यायला हवा होता. साहेबाचा येईना, सुपरवायझरचा येईना, ठकूचा तर नाहीच. आपला येत होता, पण तोही धड नाही. रागातही आतला कोणीतरी हळूच म्हणत होता, छान, आता ह्यातून काय शिकलास? पूल जवळ आला तसा त्याने डावा हात खिशात घातला आणि पाचर मुठीत धरली. खैराचं लाकूड अंगाच्या उबेने गरम झालं होतं. काळू खाली संथ होती, पाणी बरंच होतं. काच आधीच उघडी होती. उवा काढणाऱ्या बाईने मधेच वर बघितलं आणि म्हणाली, "दादा, तुमच्या शर्टाचं बटन उघडं हाय." त्याने पाचर खिशातच सोडली, हात बाहेर काढला आणि बटण लावायला घेतलं. ह्या वेळी ते पहिल्या फटक्यात लागलं. पूल आला आणि गेला. पाळी तीनला सुरू व्हायची होती, आणि गाडी वेळेवर होती.